आतल्या शाळेत एक मुलगी जास्त

—समजावून सांगायला काय, सोपंच आहे, रुपालीबाई. त्यासाठी निवृत्त ड्रॉइंग मास्तराला शाळेत कशाला नेता? बसा. अठरा वर्षांपूर्वी शाळेच्या भिंतीवर मी आपलीच शाळा काढली, मुलांसकट—चित्रातल्या भिंतीवर पुन्हा तीच शाळा, तिच्या भिंतीवर पुन्हा तीच. मुलांना न्हाव्याच्या दुकानात उभं करा, समोरासमोरचे आरसे दाखवा, झालं. हे थांबतं कुठं, असं पोरं विचारतात. थांबत नाही. चौथ्या शाळेपाशी माझ्या ब्रशला एकच केस उरला, म्हणून मी थांबलो. नियम एवढाच, की बाहेर जे आहे तेच आत यायला हवं—कमी नाही, जास्त नाही.

काय? पोरांनी मोजली? भिंगातून?—हं. बाहेरच्या मोठ्या चित्रात एकेचाळीस मुलं, आतल्या शाळेत बेचाळीस. बरोबर आहे. तेव्हाच्या पोरांनीही पकडलं होतं—'सर, आत एक पोरगी जास्त हाय!'—मी म्हटलं, मोजताना चुकलो. पटलं त्यांना. पोरांना पटतं हो. पण मी चुकलो नव्हतो. सातवीचा वर्ग माझा, पटावरचं प्रत्येक मूल चित्रात घ्यायचं मी कबूल केलं होतं. आणि भागिरथी—कारभारीअण्णांची धाकटी—दिवाळीनंतर आलीच नाही. तेरा वर्षांची. लग्न ठरलं होतं. आता पटावर असं लिहिता येतं का? लिहिलं तर चौकशी लागते—अण्णांना, शाळेला, मला. म्हणून नावापुढे शेरा पडला, 'स्थलांतर'. कुणी लिहिला म्हणजे? मीच. आणि लग्नालाही—गेलो होतो हो. अण्णा म्हणाले, 'मास्तर, तुमी निस्तं अक्षता टाकायला या.' टाकल्या. निघताना तिनं विचारलं, 'सर, चित्रात मी हाय ना?' मी मान हलवली.

मग काय करणार? बाहेर काढावी, तर तपासणीला साहेब यायचे होते. पटावर नसलेली मुलगी भिंतीवर कशी? आत कोण बघतंय, म्हटलं. नखाएवढी काढली, हिरव्या रिबनीची. आणि एकदा आत काढली म्हटल्यावर तिसऱ्या शाळेतही काढावी लागली, चौथीत तर नुसता ठिपका—नियम आहे ना. तेव्हापासून बाजाराला जाताना त्या भिंतीसमोरून जात नाही मी. मागच्या वाटेनं जातो. लांब पडतं. पाय दुखतात आताशा.

—भिंत नव्यानं रंगवताना पेंटर जास्तीची पुसणार? त्यासाठीच माझी संमती हवी होती होय. नाही, बाई. पुसायचं नाही. चूक आतल्या चित्रात नाही, बाहेरच्यात आहे. तिथं काढायला सांगा तिला, इतरांएवढी. पोरांनी विचारलं, ही कोण, तर जुना पट काढून माझं अक्षर दाखवा. मी येणार नाही. माझ्याच्यानं उभं राहवणार नाही त्यांच्यासमोर.

काय म्हणालात? ती आता कुठं असते?

—उन्हं कलली, तुमची पुणतांब्याची गाडी चुकेल. दार ओढून घ्या जाताना.