कुंडीतली माती

माती तपासणीच्या रांगेत मास्तरांच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची मुलगी उभी होती.

"बाबा, या मातीत गुलाबाची पाकळी कशी?"

"अंगणातल्या कुंडीतली आहे. छान भुसभुशीत आहे बघ."

"अहो, तपासायची शेताची होती ना?"

"खणली होती गं. नुसती ढेकळं निघाली, गांडूळ औषधालाही नाही. आयुष्यभर रासायनिक खताच्या गोण्या मीच ओतल्या. असली माती चारचौघांत कुठल्या तोंडाने दाखवू?"

"मग उद्या तुमची नात पेरणार कुठे?"

"कुंडी तिच्या नावावर करतो."

"बाबा."

"बरं, चल. खरी माती आणू."

दोघं रांगेतून निघून गेली. मास्तर पुढे सरकले आणि आपल्या मातीच्या पिशवीतली शेवंतीची पाकळी त्यांनी हळूच खिशात टाकली.