पायरीचा बोल्ट

पुरवणी जबाब. नाव व पत्ता पहिल्या जबाबात आहेत तेच. वय चोवीस, धंदा मोटरहोम दुरुस्ती, राहणार वडिलांच्या गॅरेजमागच्या दोन खोल्यांत, वडिलांसोबत. आज सोमवारी मी कोणी न बोलावता ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

माझ्या पहिल्या जबाबात एक वाक्य चुकीचे आहे. "व्हॉल्व्ह आपोआप उघडणे शक्य नाही, तो कोणीतरी किल्लीने हाताने उघडला असला पाहिजे," असे मी सांगितले होते. तेव्हा मला एवढेच माहीत होते की तो आपोआप उघडताना मी पाहिलेला नाही. "शक्य नाही" हे शब्द वडिलांचे आहेत. ते आमच्या घरात रोज वापरले जातात, म्हणून माझ्या तोंडून गेले. त्या वाक्यावरून मैदानाच्या पहारेकऱ्याला, ज्यांना सगळे शिट्टीमामा म्हणतात, ठाण्यात आणले गेले व त्यांचे काम बंद झाले.

सदर मोटरहोम, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची व संडासाची सोय असलेली गाडी, एका निवृत्त चित्रकला मास्तरांची आहे. मास्तर व त्यांच्या वयस्कर आत्याबाई तिच्यात राहतात व गाडी सदर मैदानात लावतात. संडासाचे पाणी गाडीच्या पोटातल्या टाकीत साठते. टाकीच्या तोंडाशी सरकणारी झडप आहे, तिलाच आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो. बटण दाबले की छोटी मोटर तो उघडते किंवा बंद करते. मोटर अडली तर हाताने फिरवायची किल्ली असते. ती मास्तर दाराबाहेरच्या खिळ्याला टांगतात. ती कोणालाही घेता येते.

जुना व्हॉल्व्ह अडकत होता म्हणून गेल्या महिन्यात आम्ही नवा बसवला. घटनेच्या सकाळी तो उघडा सापडला. टाकीतले सगळे मैदानाच्या उतारावरून शेजारच्या गालिचे धुणाऱ्याकडे गेले. त्याने धुतलेले गालिचे जमिनीवर वाळत घातले होते. पुढचे त्याच्या तक्रारीत आहे. नळीच्या तोंडाचे बाहेरचे झाकण मास्तरांनी धुवून बाजूला ठेवले होते, त्यामुळे अडवायला काही नव्हते. त्याआधी ते लागलेले असायचे, म्हणून व्हॉल्व्ह कधी थोडा उघडा राहिला असेल तर ते कळले नसते. असे झाले होते का, मला माहीत नाही.

आदल्या दिवशी गाडी आडवी लावण्यावरून मास्तरांचे व शिट्टीमामांचे भांडण झाले होते. "तुमची टाकी एक दिवस तुमच्याच अंथरुणात ओततो," असे मामा चारचौघांत म्हणाले होते. मामांनी ते नाकारलेले नाही. "बोललो ना साहेब. पण बोलण्याला वास येतो का?" असे त्यांनी माझ्यासमोर फौजदार साहेबांना सांगितले.

गाडी सध्या ठाण्याच्या आवारात उभी आहे. काल रविवारी मला व्हॉल्व्ह काढून द्यायला बोलावले होते. आवारात जाताना मामा बाकावर बसलेले दिसले. त्यांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. ते म्हणाले, "पोरी, काही खाऊन आलीस का? इथे लवकर सोडत नाहीत." मी हो म्हणाले. ते खरे नव्हते. त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही, पण चुकीचे काही राहू नये म्हणून सांगते.

काढण्यापूर्वी मी व्हॉल्व्ह तपासला. फ्यूज ठीक होता. बटण ठीक होते. मीटर लावून पाहिला, करंट पुरेसा येत होता. मोटरला वेगळी बॅटरी लावली, ती दोन्ही बाजूंना नीट फिरली. झडपेचे रबर फाटलेले नव्हते. म्हणजे दोष काहीच नव्हता. मी गाडीखालीच पडून राहिले, कारण उठल्यावर काय सांगायचे ते कळत नव्हते.

तेवढ्यात आत्याबाई औषधे न्यायला आल्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून दाराला बटणावर बाहेर येणारी पायरी आहे. त्यांनी बटण दाबले. पायरी बाहेर आली आणि त्याच वेळी माझ्या डोक्यावर व्हॉल्व्हची मोटर कण्हली. झडप बोटभर सरकली, उघडण्याच्या बाजूला. व्हॉल्व्हच्या बटणाजवळ कोणीही नव्हते.

मी ओरडले, "आत्याबाई, परत दाबा!"

"अगं, आत तरी जाऊ दे मला."

"नको, फक्त दाबा."

त्यांनी पायरी आत घेतली. झडप आणखी सरकली. तिसऱ्यांदा दाबले तेव्हा मात्र काही झाले नाही. चौथ्यांदा झाले.

आत्याबाई म्हणाल्या, "मी चढते तेव्हा खालून कोणीतरी कण्हतं, हे मी केव्हाची सांगतेय. मास्तर म्हणतो, ते तुझे गुडघे."

घटनेच्या सकाळबद्दल विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की त्या फिरायला निघाल्या, चष्म्यासाठी परत आल्या, मग काठीसाठी, मग दार लावले की नाही ते बघायला. दर वेळी पायरी बाहेर आणि आत. "म्हातारपणी एवढंच काम उरलंय," असे त्या म्हणाल्या.

कारण मला समजले ते असे. पायरीच्या मोटरमधून गेलेला करंट एका बोल्टमधून गाडीच्या लोखंडी सांगाड्यात परत जातो. तो बोल्ट थोडा सैल आहे व त्याखाली गंज आहे. ती वाट अडली की करंट दुसरी वाट धरतो. व्हॉल्व्हचे बटण दाबलेले नसताना त्याच्या मोटरची उघडण्याची तार त्याच बोल्टला जोडलेली असते, तर बंद करण्याची तार दुसऱ्या बोल्टला. म्हणून अडलेला करंट व्हॉल्व्हच्या मोटरमधून फिरून जातो व जाताना झडप उघडतो. मी बोल्टपासून सांगाड्यापर्यंत एक सुटी तार धरली, तर पायरी कितीही दाबली तरी झडप हलली नाही. तार काढली की पुन्हा हलली, पण दर वेळी नाही. बोल्टला मी पाना लावलेला नाही. आवळला असता तर तो बरा झाला असता आणि दाखवायला काही उरले नसते. व्हॉल्व्हही काढलेला नाही.

व्हॉल्व्हच्या दोन्ही तारा एकाच बोल्टवर घेतल्या असत्या तर असे झाले नसते. आमच्या गॅरेजात तसे करत नाहीत. एका मोटरच्या दोन तारा दोन वेगळ्या बोल्टांवर, ही बाबांची पद्धत. मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. अक्षरे आईने शिकवली, वायरिंग बाबांनी. घरात परीक्षा नसायची. बाबा "बरोबर" म्हणाले की बरोबर. इतर गॅरेजांत काय करतात ते मी कधी पाहिले नाही.

नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर मीच तपासला होता. बाबा आत बटण दाबत होते, मी खाली पडून बघत होते. आत्याबाई तेव्हा गॅरेजात खुर्चीवर बसल्या होत्या, त्यामुळे पायरी कोणी दाबलीच नाही.

हा जबाब लिहिणाऱ्या हवालदारांनी विचारले की व्हॉल्व्हची उघडण्याची तार पायरीच्या बोल्टला कोणी जोडली. मला आठवत नाही. जोडावर पिवळी पट्टी आहे. पिवळी पट्टी आम्ही दोघेही लावतो. गंज तेव्हा होता की नंतर धरला, हेही सांगता येत नाही. बाबांच्या उजव्या हाताला हल्ली जोर नसतो, ते डाव्या हाताने आवळतात. हे मला कोणी विचारलेले नाही.

काल घरी मी बाबांना विचारले, "दोन बोल्टांपैकी एक सैल झाला तर?"

"सैल होईलच कसा? मी आवळलाय."

"पण समजा झाला."

"समजा कशाला? तुला गाडी दिसतेय की समजा दिसतंय?"

मी भांडी घासायला गेले. थोड्या वेळाने ते मागे येऊन उभे राहिले व म्हणाले, "कुठल्या गाडीचं बोलतेस?" मी नळ बंद केला नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

हवालदार म्हणाले, "बाई, व्हॉल्व्ह आपोआप उघडतो की नाही? एक काय ते सांगा."

"कधीकधी उघडतो."

"कधीकधी असं जबाबात लिहीत नाहीत."

"मग काय लिहितात?"

त्यांनी "कधीकधी" असेच लिहिले.

शिट्टीमामांनी किल्ली फिरवली नाही, असे मी सांगू शकत नाही. मी तिथे नव्हते. कोणी न फिरवताही ते होऊ शकते व माझ्या डोळ्यांसमोर झाले आहे, एवढे सांगू शकते. गालिच्यांचा दोष आमच्या गॅरेजवर आला तर तो माझ्याही नावावर लिहावा, एकट्या बाबांच्या नाही. मामांना तोपर्यंत बाकावर बसवू नये अशी माझी विनंती आहे. विनंती जबाबात येत नाही असे हवालदार म्हणाले. तरी ती लिहावी.

टाकीत साधे पाणी भरून, झाकण काढून, फौजदार साहेब, गालिचेवाला, मास्तर व मामा यांच्यासमोर मी हे करून दाखवणार आहे. आत्याबाई त्या सकाळप्रमाणे चढतील आणि उतरतील. त्या तयार आहेत, फक्त काठी खरोखर विसरायची का एवढे त्यांनी विचारले आहे. पहिल्यांदा झाले नाही तर होईपर्यंत त्यांनी चढावे व सगळ्यांनी थांबावे. बाबांना त्याआधी मी सगळे सांगेन आणि सोबत आणेन. ते आले नाहीत तरी मी येईन.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे. शेवटी "बहुतेक येत्या गुरुवारी दाखवेन" असे आले होते. मी तसेच बोलले होते. त्यातला "बहुतेक" मी खोडायला लावला असून खाडाखोडीवर सही केली आहे. येत्या गुरुवारी.