गच्चीवरचा हगलाझ

द्वारकाबाई : बाकी काय म्हणायचं ते म्हणा, पण तेवढा एक शब्द आज तोंडातून काढू नका. पाया पडते तुमच्या.

काकासाहेब : असं मधलंच अक्षर गाळून चालतंय व्हय? क, ख म्हणायचं, ग सोडायचा अन् घ वर उडी मारायची?

द्वारकाबाई : अहो, सकाळच्या पारी गच्चीवर उभं राहून, हात पसरून, माणूस 'हगलाऽऽझ' म्हणून बोंबलतो! अर्ध्या गारखेड्याला ऐकू जातंय. शेजारची लक्ष्मीबाई दचकून उठती अन् नातवाचं दुपटं तपासती. तिला वाटतं, कुणीतरी तिलाच सांगायलंय.

काकासाहेब : तिला मी समजावून सांगितलंय. हगलाझ म्हंजे गारा. नॉर्वेकडचं जुनं अक्षर हाय ते. रून म्हणत्यात. एकेका अक्षरागत उभं राहायचं अन् त्याचं नाव छातीतून काढायचं. व्हिडिओतला दाढीवाला म्हणतो, अंगात शक्ती येती.

द्वारकाबाई : शक्ती! फुलंब्रीहून बद्रीनाथचा फोन आला होता. म्हणला, "आक्का, मोसंबी झाडावर हाय, दाजींना म्हणावं एवढी तोडणी होऊ द्या, मग काय गारा बोलवायच्या त्या बोलवा." माझ्या सख्ख्या भावाला तुमच्यापायी झोप नाय.

काकासाहेब : बोलवत नसतो गं. गारेला हात जोडतो. हात जोडले म्हंजे येत नाय.

मुख्तारभाई : भाभी, वर येऊ का? खाली आवाज दिला, कुणी बोललंच नाय.

द्वारकाबाई : या, मुख्तारभाई. बरं झालं आलात. समजवा तुमच्या दोस्ताला. तुमचं तरी ऐकतील.

मुख्तारभाई : उसीच के वास्ते आया भाभी. काकासाहेब, आज आपल्या गल्लीचा नळाचा दिवस होता ना?

काकासाहेब : व्हय. येईल की आता पाणी.

मुख्तारभाई : नाय येणार. व्हॉल्व्हवाला आला, झाकण काढलं, चाबी लावणार इतक्यात वर बघितलं. तुम्ही इथं दोन्ही हात वर करून, डोळे मिटून थरथर कापत होते, अन् 'अल्गिझ, अल्गिझ' चालू होतं. उसको लगा करंट लगा. "माणूस तारेला चिकटला!" म्हणून वरडत पळाला. फोन लावला तर उचलत नाय.

द्वारकाबाई : झालं! आज नॉर्वेची सून इंगा पहिल्यांदा घरी यायलीय अन् टाकीत टिपूस नाय.

काकासाहेब : अरे, अल्गिझ तर रक्षणाचं अक्षर हाय! आख्ख्या गल्लीसाठीच करत होतो.

मुख्तारभाई : रक्षण हो गया, पानी चला गया.

काकासाहेब : पाण्याचं येगळं हाय. लागुझ. हात असे पुढं, उतरते धरायचे, पन्हाळीवाणी. करू का?

द्वारकाबाई : खाली घ्या हात! पाणी चाबी फिरवल्यावर येत असतं, हात पसरून नाय. काय डोक्यात घेतलंय हो तुम्ही या वयात?

काकासाहेब : अगं, वाईट काय हाय त्यात? पहिलं अक्षरच बघ, फेहू. म्हंजे गुरंढोरं. शेवटी ओथाला. म्हंजे वडिलोपार्जित जमीन. आपल्यासारखीच माणसं असणार ती.

मुख्तारभाई : फिर तो वहाँ भी भाई-भाई की केस चलती हुंगी.

द्वारकाबाई : तुम्ही हसा, मुख्तारभाई. मी काय करू? इंगा दारात उभी राहील अन् हे वर हात करून किंचाळतील. ती उंबरा न ओलांडताच माघारी फिरायची.

काकासाहेब : तिच्यासाठीच शिकलो ना मी! वरीस झालं लग्नाला. तिकडंच लावलं, आपण फोनवर अक्षता टाकल्या. तवापासून फोन आला की ती हसती, तू हसतीस. दोघी नुसते दात दाखवता अन् फोन ठेवता. तिला आपलं काय येत नाय, आपल्याला तिचं. कुणीतरी आधी सरकायला नको? म्हणलं, तू तिला ओवाळशील तवा मी बाजूला उभं राहून तिच्या देवाधर्माचं चार शब्द म्हणीन. तिला वाटलं पाहिजे, इथं बी आपलं माणूस हाय.

द्वारकाबाई : अन् मला वाटत नाय व्हय? किती दिस झाले, धड झोप नाय मला. एकुलता एक लेक. ती आली, बसली, हसली अन् गेली, असं झालं तर? मग तो बी तिकडचाच झाला की. पुन्हा येतील काहून ते?

मुख्तारभाई : भाभी, रोना नक्को. सगळं चांगलंच हुतंय. फोन वाजायलाय तुमचा, बघा.

(काकासाहेब फोन उचलून स्पीकर लावतात.)

शिरीष : बाबा, मुंबईत उतरलोय. पुढचं विमान वेळेवर आहे. संध्याकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावर या, सामान लई आहे.

काकासाहेब : येतो. शिऱ्या, आधी एक विचार तिला. तुमच्याकडं अल्गिझ रोज करत्यात का सणावारालाच?

शिरीष : काय करतात?

काकासाहेब : रून रे. उभं राहून म्हणायचं. फेहू, उरुझ, हगलाझ…

शिरीष : बाबा, हे काय… थांबा, विचारतो तिला. बाबा, तिला काहीच माहीत नाही. शाळेच्या सहलीत एका दगडावर ती अक्षरं बघितली होती म्हणते. काही हौशी लोक करत असतील, पण तिच्या ओळखीत कुणी नाही. तिच्या घरचे रविवारी मासे पकडायला जातात.

काकासाहेब : कुणीच नाय करत?

शिरीष : ती विचारतेय, तुम्हाला कुणी शिकवलं?

मुख्तारभाई : मतलब पूरी दुनिया में एक वो दाढीवाला, और दूसरे अपने काकासाहेब!

द्वारकाबाई : हसू नका हो, मुख्तारभाई. थंडीत, वाऱ्यात, रोज उभं राहिलेत ते इथं. तिच्यासाठी राहिलेत. शिरीष, सांग तिला तसं. शब्द न् शब्द सांग.

शिरीष : सांगितलं आई. डोळे पुसतेय. हसून का कशानं, कळेना. आई, तिला तुझ्याशी मराठीत बोलायचंय.

द्वारकाबाई : मराठीत? तू शिकवलंस?

शिरीष : नाही गं. मी तुझ्याशी फोनवर बोलतो ते ऐकून ऐकून तिचं तीच शिकली. महिनाभर आरशासमोर घोकतेय. मला मध्ये बोलू देत नाही. घे.

द्वारकाबाई : बोल गं पोरी, बोल.

इंगा : आई… पाणी आलं का?

काकासाहेब : आँ? काय म्हणली?

शिरीष : बाबा, मी फोन लावला की पहिलं तेच विचारतो ना. तिला वाटतं, आपल्याकडं रामराम असाच करतात.

इंगा : आई, पाणी आलं का?

द्वारकाबाई : आलं गं माझे बाई, आलं! लई आलं. तू ये, सावकाश ये.

मुख्तारभाई : कहाँ आया भाभी? टाकी कोरडी ठणठणीत हाय.

द्वारकाबाई : तुम्ही गप बसा. अहो, बघता काय माझ्याकडं? व्हा उभं. ते पाण्याचं कोणतं, ते म्हणा. मी तिला आलं म्हणून बसलेय.