कॅमेऱ्याकडची बाही

जबाब

मी, रूथ अ‍ॅन टोलेफसन, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (नगरपालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत), शिक्षण रसायनशास्त्राची पदवी, राहणार एल्डर स्ट्रीट, कार्व्हर फॉल्स, विस्कॉन्सिन, आज मंगळवारी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. आमच्या गावच्या हेरन्स, म्हणजे बगळे, या बेसबॉल संघाच्या चाहत्यांचे मंडळ आहे, त्याची मी बऱ्याच वर्षांपासून सभासद आहे. दर मार्चमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, संघाच्या कार्यालयातला माणूस नव्या गणवेशाचा नमुना घेऊन माजी सैनिकांच्या हॉलमध्ये येतो आणि सभासद आपापली मते सांगतात. आमच्या मतांमुळे गणवेश बदलल्याचे मला आठवत नाही. एकदा टोपीवरच्या बगळ्याचा डोळा बदलला होता, पण तो आमच्यामुळे की भरतकामाच्या अडचणीमुळे, हे मला माहीत नाही.

गेल्या रविवारी दुपारी अशी बैठक होती. चाळीसेक माणसे असतील. तक्रारदार ट्रेंट केसलर हे संघाच्या जाहिरात विभागात काम करतात. त्यांनी नव्या जर्सीचा नमुना हँगरला लावून समोर टांगला. सायीच्या रंगाची, निळ्या बारीक उभ्या पट्ट्यांची, पुढे बटणे असलेली जर्सी होती. मला ती आवडली.

गस लिंडनर हे निवृत्त केशकर्तनकार पुढच्या रांगेत बसतात. ते म्हणाले, "हे पट्टे आहेत की धुण्यात निघालेला रंग? दुर्बीण घेऊन यायचं का मॅचला?"

फिलिस ब्रांट म्हणाल्या, "पट्टे ठीक आहेत, गस. तू चष्मा बदल."

गस श्री. केसलर यांना म्हणाले, "गेल्या वर्षी तो जांभळा सदरा काढलात, तेव्हा मी म्हटलं होतं, द्राक्षाच्या सरबताची बाटली धावतेय. आठवतंय का पोरा?"

श्री. केसलर म्हणाले, "आठवतंय, मिस्टर लिंडनर. तुम्ही तीन पत्रं पाठवली होतीत."

इथवर सर्व नेहमीप्रमाणे चालले होते.

नंतर बाह्यांवरच्या पॅचचा विषय निघाला. जर्सीच्या डाव्या बाहीवर यंदाच्या प्रायोजकांचा, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या ब्रुनर बंधूंचा हिरवा पॅच होता. उजव्या बाहीवर गोल काळा पॅच, त्यावर ऑर्गनच्या पांढऱ्या पट्ट्या आणि खाली डी. डब्ल्यू. ही अक्षरे. डोलोरेस वोझ्नियाक यांनी आमच्या मैदानावर तीसहून अधिक वर्षे सामन्यांच्या वेळी ऑर्गन वाजवला. त्या नोव्हेंबरमध्ये वारल्या. त्यांचे पती एमिल वोझ्नियाक दुसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी बसले होते.

गस म्हणाले, "वा! एका बाहीवर बिचारी डोलोरेस आणि दुसऱ्या बाहीवर तिला पुरणारे." लोक हसले. एमिलही हसले. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सुरुवातीपासूनच चिडलेले होते असे तक्रारीत असल्याचे मला समजले.

फिलिस यांचे मत पडले की नुसती काळी पट्टी अधिक शोभली असती. मी म्हटले की अक्षरे फार लहान आहेत, वरच्या रांगांतून वाचता येणार नाहीत. माझे मत बरोबर होते. एमिल शेजारी बसलेले असताना ते सांगायला हवे होते का, हे मी ठरवू शकलेले नाही.

एमिल यांचे आठवड्यातून तीनदा संध्याकाळी डायलिसिस असते. बहुतेक सामने ते तिथल्या खुर्चीत बसून टीव्हीवर पाहतात. त्यांनी विचारले, "टीव्हीवर दिसेल ना?"

श्री. केसलर यांनी समजावून सांगितले. टीव्हीचा मुख्य कॅमेरा चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या मागे, मैदानाच्या टोकाला असतो. उजव्या हाताने खेळणारा बॅटर उभा राहिला की त्याचा डावा खांदा कॅमेऱ्याकडे येतो, डावखुऱ्याचा उजवा. प्रायोजकाचा पॅच नेहमी कॅमेऱ्याकडच्या बाहीवर लावायचा, असा करार आहे. म्हणून दोन तऱ्हेच्या जर्सी शिवतात. हा नमुना उजव्या हाताच्या बॅटरचा होता.

एमिल म्हणाले, "म्हणजे बॅटर उजवा असो की डावखुरा, ब्रुनर अलीकडे आणि डोलोरेस पलीकडे."

"अगदी तसं नाही, मिस्टर वोझ्नियाक. धावताना दिसेल. वळला की दिसेल."

"कोण वळला की?"

"कोणीही."

गस म्हणाले, "आपल्या संघातला पहिल्या बेसपर्यंत पोचतोय कोण धावायला!" पुन्हा लोक हसले. या वेळी एमिल हसले नाहीत.

श्री. केसलर म्हणाले, "वरच्यांना काळी पट्टीच हवी होती. मी भांडून हा गोल पॅच करून घेतलाय. खरंच सांगतो." ते खरे सांगत होते असे मला वाटते.

एमिल उठले आणि हँगरकडे गेले. श्री. केसलर हातात कॉफीचा कप घेऊन आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "एकच नमुना आहे, प्लीज हात लावू नका."

एमिल यांनी त्यांना ढकलले. दोन्ही हात छातीवर होते आणि कोपरे सरळ झाली. श्री. केसलर मागच्या घडीच्या खुर्च्यांवर पडले, कोपर खरचटले. कॉफी जर्सीच्या डाव्या बाहीवर सांडली. एमिल यांनी विचारले, "लागलं का रे?"

या मुद्द्यावर मला पुन्हा विचारण्यात आले, म्हणून सांगते. काल वाण्याच्या दुकानाबाहेर गस लिंडनर मला भेटले. ते म्हणाले, "रूथ, तू सांग की पोरगा खुर्चीला अडखळला. बाकी सगळे तेच सांगणार आहेत."

मी म्हटले, "मी शेजारून उठून बघत होते, गस. मला दिसलंय."

"दिसलं असेल तर विसर. अगं, संघाच्या माणसावर हात टाकला म्हणून हंगामभर बंदी घालतील त्याला. पहिल्या सामन्याला मैदानात डोलोरेसचं नाव घेणार आहेत. तो काय गेटबाहेर उभा राहून ऐकणार?"

श्री. केसलर खुर्चीला अडखळले हे खरे आहे. ते धक्का बसल्यानंतर अडखळले.

त्यानंतर एमिल जर्सी घेऊन हॉलमागच्या स्वयंपाकघरात गेले. ते जर्सीसह पसार झाले, असे तक्रारीत आहे. त्या स्वयंपाकघराचे मागचे दार हिवाळ्यात बंद असते, आणि हे एमिल यांना माहीत होते, कारण किल्ली त्यांच्याकडेच असते. त्यांनी दार उघडले नाही. मी त्यांच्या मागोमाग गेले होते. ते गार पाण्याखाली बाही धूत होते. मी कपाटातून व्हिनेगर काढून दिले. डाग बराचसा निघाला.

मग त्यांनी भाजीच्या सुरीने ब्रुनर बंधूंच्या पॅचचे टाके कापले. ओढले नाहीत, एकेक कापला. पॅच ओट्यावर सरळ करून ठेवला. मी पाहत होते आणि थांबवले नाही.

एमिल म्हणाले, "रूथ, ही जरा अंगात घाल."

मी म्हटले, "ओली आहे."

"असू दे. बॅटरसारखी उभी राहा. उजव्या हाताच्या."

मी स्वेटरवरून जर्सी घातली आणि कोपऱ्यातला फरशी पुसण्याचा दांडा बॅटसारखा धरून उभी राहिले. एमिल हॉलच्या दाराशी गेले. म्हणाले, "इथे कॅमेरा." थोडा वेळ पाहून म्हणाले, "रिकामी बाही दिसतेय. डोलोरेस कुठाय?"

"पलीकडे आहे."

"हं."

मग मी बाजू बदलली आणि डावखुऱ्यासारखी उभी राहिले. त्यांनी तसे सांगितले नव्हते. ती जर्सी उजव्या हाताच्या बॅटरची असल्यामुळे हे चूक होते. कोणत्याही सामन्यात ती जर्सी अशी दिसणार नाही, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

एमिल म्हणाले, "आता दिसली."

नंतर म्हणाले, "जरा थांब. हलू नकोस."

मी हलले नाही. बाहीतले पाणी कोपरापर्यंत येत होते. हॉलमधून खुर्च्या लावल्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही.

तेवढ्यात आपल्या ठाण्याचे अधिकारी श्री. केसलर यांच्यासह आत आले आणि जर्सी परत द्या, म्हणाले. त्याआधी ती कोणी मागितली नव्हती. एमिल म्हणाले, "तिच्या अंगावर आहे." अधिकाऱ्यांनी मला जर्सी काढायला सांगितले. मी लगेच काढली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितले, तरीही काढली नाही. एमिल यांनी अजून पुरे म्हटले नव्हते.

त्यांनी पुरे म्हटल्यावर मी जर्सी काढली, घडी केली आणि श्री. केसलर यांच्या हातात दिली. ते "थँक्यू" म्हणाले.

एवढे तपशील लिहिण्याची गरज नाही, असे मला सांगण्यात आले. ते लिहावेत अशी माझी विनंती आहे. एमिल वोझ्नियाक यांनी श्री. केसलर यांना ढकलले आणि पॅचचे टाके कापले. मागितल्यावरही जर्सी न देण्याचा जो आरोप त्यांच्यावर आहे, तो त्यांच्या नावावरून काढून माझ्या नावावर लिहावा. मग मैदानावरची बंदी मलाही लागू होऊ शकते, हे मला सांगण्यात आले आहे. मला ते समजले आहे.

हा जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. त्यात एका जागी "धक्का लागला असावा" असे लिहिले गेले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून "ढकलले" असे केले आहे व खोडाखोडीशेजारी मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

रूथ अ‍ॅन टोलेफसन