शेवटच्या बॉलचा सिक्स

माझा तो शेवटच्या बॉलचा सिक्स तुम्ही लई वेळा ऐकलाय. आज खरं सांगतो. बजाजनगरला आमच्या कंपनीतल्या दोन डिपार्टमेंटची फायनल होती. शेवटच्या बॉलला सहा पाहिजे होते. मी उचलून मारला, अन् समोरच्या टीमच्या रफिकनं चुन्याच्या रेघेवर कॅच घेतला. अंपायरनं बोट वर केलं. रफिकच म्हणाला, "नाय, माझा पाय रेघेला लागला."

पुढं सांगताना मी रफिकला गाळलं अन् बॉल थेट रस्त्यापार नेला. त्याच्या रिटायरमेंटला त्याच्यादेखत तेच सांगितलं. तो हसून म्हणाला, "व्हय, लई लांब गेलता."

परवा त्याला माती दिली. त्याचा पोरगा मला म्हणाला, "चाचा, अब्बा घरी तुमचा सिक्स लई सांगायचे. ते बी होते का त्या मॅचला?"