मुरब्याची भरवशाची मोटार

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘बन्सीभाऊ, गाडी चौकशी करून घ्यायची ना!’ चौकशी? अहो, तुम्हाला सांगतो, मुलीचं स्थळ बघताना कोणी करणार नाही इतकी चौकशी केली मी! नोकरी तारापूरच्या प्रकल्पावर, खोली चिंचणीला, डॉक्टरीणबाई बोईसरला, आणि आमची इंदू पोटुशी. मागच्या खेपेला भाड्याची जीप वाटेतच बंद पडली आणि... जाऊ दे, ते आता तोंडातून नको काढायला. झोप उडाली होती हो माझी! म्हटलं, या खेपेला गाडी स्वतःची. जुनी असेना का, पण भरवशाची!

आता भरवशाची कोणती, हे सांगणार कोण? ऑफिसातल्या खंडेरावानं एक विलायती मासिक आणलं. त्यात गाड्यांना चांदण्या दिलेल्या, शाळेत पोरांना मार्क देतात तशा! मुरबे गावच्या बळवंतला विकायची होती, नेमक्या त्याच मोटारीला भरपूर चांदण्या! मी हरखलो. मग नीट वाचतो तर काय, ‘बर्फात घसरत नाही आणि आतली शेगडी उत्तम चालते.’ शेगडी! चिंचणीला! वैशाखात! पण भरवशाची, बरं का!

म्हणून गेलो बोईसरच्या चंद्रभान मिस्त्रीकडे. तो म्हणतो, "साहेब, समद्या गाड्या बेकार! हितं येती ती बंद पडूनच येती." अरे, एखादी तरी चांगली असेल की! "असंल की. पन चांगली माझ्याकडं कशाला येईल? ती म्या बघितलीच नाय!" घ्या!

मग थेट मुरबे गाठलं. ज्याला विचारावं तो छातीवर हात मारून सांगतोय, "एक दिस बंद परली नाय! डोले झाकून घे!" सगळं गाव एकमुखानं, भरवशाची, बरं का! घेऊन झाल्यावर कळलं, सगळे बळवंतचे मामेभाऊ, मावसभाऊ, आणि एक तर साक्षात सासरा! तुम्हीच सांगा, जावयाच्या गाडीला कोण नाव ठेवील?

तरी घेण्याआधी मी चक्कर मारून पाहिली हो. इंजिन झकास, ब्रेक झकास. जरा वास येत होता, पण चहूकडे बोंबील वाळत घातलेले, म्हटलं गावाचा असेल. घेतली आणि निघालो. बोईसर आलं, चिंचणी आली... गाव मागं पडलं, वास काही मागं पडेना! परत जाऊन बळवंतला धरलं, तर तो डोळे विस्फारून, "वास? कसला वास? खाऱ्या वाऱ्यानं पत्रा सरू नये म्हणून आमी दर्यातल्या होरीला लावतो तेच माशाचं तेल लावलंय. आतून-बाहेरून, दर साली!" खरंय हो. गंज नावाला नाही!

इंदूनं दार उघडलं, पदर नाकाला लावला आणि धावली मोरीकडे. बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "भरवशाच्या म्हशीला टोणगा!" सोड्यानं धुतली, लिंबं चोळली, उदबत्त्या लावल्या... त्यानं वासाला नुसता सुवास आला!

आणि परवा भर दुपारी कळा सुरू! धावत जाऊन किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू! भरवशाची, बरं का! पण इंदू म्हणते, "मी नाही बसायची. मंगळ्याची बैलगाडी बोलवा." अगं, बैल बसला तर? "बसला तर उठेल. त्या डब्यात मी नाही उठायची!"

निघालो. बैलगाडीत दोघी मायलेकी, मागून मोटारीत मी. लगेच सासूबाई ओरडल्या, "जावईबापू, वारा समुद्राकडून येतोय, पुढं व्हा!" झालो पुढं! मंत्र्याची स्वारी यायची असल्यासारखी रिकामी मोटार पुढं, मागं बैलगाडी. मान वळवून वळवून शीर आखडली माझी. कण्हणं ऐकू आलं की काळजात धस्स, आणि नाही ऐकू आलं की त्याहून धस्स! "मंगळ्या, हाक की जरा!" "बैल हाय साहेब, मोटार नाय!" आणि मोटार? एकदाही बंद पडली नाही. तेच तर दुःख!

पोचलो एकदाचे. मुलगी झाली. दोघी सुखरूप! रडलो हो मी, सगळ्यांदेखत रडलो. डॉक्टरीणबाईंनी लेक हातात दिली. तासाभराचं पोर! ना बळवंतच्या नात्यातलं, ना मिस्त्री, ना मासिकवालं. तिनं एक श्वास घेतला, एवढंसं नाक आक्रसलं आणि असा टाहो फोडला गाडीचा वास मुरलेल्या माझ्या सदऱ्याला लागून... म्हटलं, झालं! अख्ख्या तालुक्यात खरं सांगणारं हे एकच माणूस, आणि तेही गाडी घेऊन झाल्यावर जन्माला आलं!