लक्ष्मीची विहीर

मला सहसा राग येत नाही, पण त्या रविवारी आला. त्याआधी एकदा प्लॉट विकणारा नेवाशाचा एक दलाल आमच्याकडे चहाला आला होता. मी सहज म्हणालो, "ही आमच्या लक्ष्मीची विहीर." लक्ष्मी म्हणजे माझी बायको. विहीर खणताना दोन उन्हाळे तिनं डोक्यावर मुरूम वाहिला, तेव्हा पाणी लागलं. गिऱ्हाइकं यावीत म्हणून त्या दलालानं आपल्या ब्लॉगवर लिहिलं, "आमच्या प्लॉटशेजारी लक्ष्मीदेवीची चमत्कारी विहीर, बारमाही पाणी!"

रविवारी तो पुण्याच्या एका जोडप्याला घेऊन आला. ते प्लॉटचा विसार, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायलाच निघाले होते. बाईंनी चपला काढल्या, नारळ पुढं केला. "बाबा, देवी कुठंय?"

दलाल माझ्या कानात म्हणाला, "आबा, तेवढं व्हय म्हना की."

"चमत्कार व्हय रं?" मी ओरडलो. "तिच्या टाळूचं केस गेलं त्यात!" मग गोठ्याकडं वळून हाक मारली, "लक्ष्मे, तुजं भक्त आल्यात!"

ती शेणाच्या हातांनी बाहेर आली. सगळं ऐकून घेतलं आणि बाईंना म्हणाली, "देवी मीच हाय. याचं प्लॉट पार त्या माळावर हायेत, आन् तितं थेंबभर पानी न्हाई. नारळ घरी न्या, चटणी करा."